पावणेदोन विकला

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. आम्हाला दुर्बिणीशी आणि ताऱ्यांशी काय करायचे आहे, असे हे पान उघडणाऱ्या वाचकाला वाटणे साहजिक आहे. परंतु कला या शब्दाला आपल्या जुन्या ज्योतिषगणितात आणखीही एक अर्थ आहे. वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. म्हणजे एक विकला हा अंशाचा ३,६०० वा भाग झाला. रुपयाचे नाणे अडीच-तीन किलोमीटरवर कुणी हातात धरून उभे राहिले, तर त्या नाण्याची रुंदी आपल्या डोळ्याशी जेवढा कोन करील, तो सुमारे पावणेदोन विकलांचा. एवढासा कोन नेमका मोजता यावा म्हणून एका माणसाने दहा वर्षांच्या काळात रशिया, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया अशा तीन भूखंडांवर तळ ठोकले. दोनदा अपयश पदरात घेतले आणि तिसऱ्यांदा जे हाती आले ते जगाला जसेच्या तसे सांगितले.

त्यांचे नाव विल्यम वॉलेस कॅम्बेल. खगोलशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव सुपरिचित आहे. चंद्रावरच्या एका प्रचंड विवराला ते दिलेले आहे. आपल्या मराठवाड्यात मात्र ते कुणाच्या कानावर पडले असेल असे वाटत नाही. वस्तुतः हा माणूस आपल्या बीड जिल्ह्याच्या अगदी उशाशी येऊन गेलेला आहे.

त्यांचे चरित्र मी का लिहावयास घेतले, हे आधी सांगितले पाहिजे. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका गावी नाल्यावर माती-दगडाचा बांध घातला. त्यामुळे आसपासच्या विहिरींना पाणी वाढले की नाही, हे पाहण्यासाठी सात विहिरींची पातळी बांधापूर्वी आणि नंतर, पावसाळा सरल्यावर, मोजायची होती. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारून आणि टोकाला दगड बांधून आम्ही ती मोजली. वही माझ्याकडे होती. चार विहिरींचे पाणी वर आले होते, तिघींचे खाली गेले होते. अहवाल लिहिताना मी त्या तीन विहिरी गाळल्या. कुणी तसे सांगितले नव्हते. त्या बांधापासून जरा लांबच आहेत, अशी मीच माझी समजूत घातली. अहवालाचे कौतुक झाले, टाळ्या पडल्या. समारोपाला त्या तिघींपैकी एका विहिरीचे मालक आले होते. आपली विहीर कागदावर कशी नाही, एवढेच त्यांनी मला शांतपणे विचारले. मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर काही महिन्यांनी कॅम्बेल यांचे चरित्र माझ्या वाचनात आले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मला निराळ्याच वाटेने सापडू लागले.

कॅम्बेल यांचा जन्म ११ एप्रिल १८६२ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, हॅनकॉक परगण्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी झाला. वडील ते लहान असतानाच गेले. आईने आणि भावंडांनी शेत सांभाळले. कष्टाच्या घरातला हा मुलगा अभ्यासात हुशार निघाला आणि स्थापत्य अभियांत्रिकी शिकण्यासाठी मिशिगन विद्यापीठात दाखल झाला. पूल बांधावेत, रस्ते आखावेत, असाच त्याचा मार्ग ठरलेला होता. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाचे सर्वसामान्यांसाठी लिहिलेले एक पुस्तक त्याच्या हाती लागले. ते त्याने दोन दिवस आणि दोन रात्रींत वाचून संपविले, आणि आपण आकाशाचाच अभ्यास करायचा हे त्याच वेळी ठरवून टाकले. ग्रंथालयातल्या एका पुस्तकाने आयुष्याची दिशा फिरते, हे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. येथे ते खरोखरच घडलेले दिसते.

१८८६ मध्ये पदवी घेऊन त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात गणित शिकविले. तिथल्याच एलिझाबेथ बॅलर्ड थॉम्पसन या विद्यार्थिनीशी पुढे १८९२ मध्ये त्यांचा विवाह झाला. दरम्यान १८९१ मध्ये ते कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत रुजू झाले. माउंट हॅमिल्टन नावाच्या डोंगरमाथ्यावरची ही वेधशाळा. तिथली ३६ इंची दुर्बीण त्या काळात जगात नावाजलेली होती. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून फोडून त्याचा वर्णपट तपासावयाचा आणि त्यावरून तो तारा आपल्याकडे येत आहे की दूर जात आहे, व किती वेगाने, हे काढावयाचे. हे काम कॅम्बेल यांनी इतक्या नेटाने केले की त्या विषयात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. १९०१ पासून १९३० पर्यंत ते या वेधशाळेचे संचालक होते.

त्यांचा स्वभाव कसा होता हे मंगळाच्या प्रकरणावरून कळते. मंगळावर पाणी आहे, कालवे आहेत, कदाचित माणसेही असतील, अशी तेव्हा जगभर हवा होती. मंगळाच्या वातावरणात पाण्याची वाफ सापडल्याचे युरोपातल्या थोर थोर शास्त्रज्ञांनी जाहीर केलेले होते. १८९४ मध्ये कॅम्बेल यांनी मंगळाचा आणि चंद्राचा वर्णपट शेजारी शेजारी ठेवून तपासला. चंद्रावर हवा नाही हे ठाऊकच होते. दोहोंत त्यांना फरक आढळला नाही. मग मंगळावर वाफ असलीच तर ती आपल्या उपकरणाला दिसणार नाही इतकी अत्यल्प असली पाहिजे, असे त्यांनी लिहिले. लोकांना हे मुळीच आवडले नाही. वयाने आणि मानाने मोठे असलेले लोक त्यांच्यावर तुटून पडले. त्यांनी वाद फार वाढविला नाही. १९०९ मध्ये मात्र ते सर्व उपकरणे घेऊन माउंट व्हिटनी या साडेचौदा हजार फुटी शिखरावर चढले. तेथील हवा विरळ व कोरडी असल्याने आपल्याच पृथ्वीच्या वाफेची भेसळ कमी होईल, हा हेतू. तिथेही उत्तर तेच आले.

आता जेऊरची हकिकत. कर्जत-जामखेड ओलांडून नैऋत्येला गेले की सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका लागतो. जेऊर हे त्या तालुक्यातले, दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे गाव. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होणार होते आणि चंद्राची सावली कोकणातल्या विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे जाणार होती. विजयदुर्गला इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर उतरले. वर्ध्याजवळच्या पुलगावातही इंग्रज ज्योतिर्विदांचा तळ पडला. जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी आपला तळ ठोकला. आणि तिथेच लिक वेधशाळेतर्फे कॅम्बेल पत्नीसह येऊन राहिले. त्यांची ही पहिलीच ग्रहणमोहीम.

भूगोलाची विद्यार्थिनी म्हणून मी नकाशावर जेऊर आणि पुलगाव यांवर पट्टी ठेवून पाहिली. ती रेघ मांजरसुंबा आणि माजलगाव यांच्या आसपासून, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या अंगावरूनच जाते. तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते आणि जेऊर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. सावलीला अर्थातच सरहद्दीचा परवाना लागत नाही. तो शनिवार होता आणि पौषातली अमावास्या. त्या दुपारी आपल्याकडच्या शेतांतही दिवसाढवळ्या तारे चमकले असतील, पाखरे झाडांवर परतली असतील, आणि आपल्या पणज्या-खापरपणज्या घरात बसून सुटकेची वाट पाहत असतील.

काळ मोठा कठीण होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाला होता. मुंबई-पुण्यात प्लेगने कहर केला होता. रँडचा वध होऊन सातच महिने झाले होते आणि लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा भोगत होते. अशा दिवसांत एक परदेशी जोडपे दुष्काळी मुलखातल्या एका आडगावी येऊन, ४० फूट लांबीचा कॅमेरा आभाळाकडे रोखून सूर्य झाकला जाण्याची वाट पाहत होते. त्या कॅमेऱ्यात सूर्याची प्रतिमा सुमारे ११ सेंटिमीटर रुंद पडते. आकाश निरभ्र राहिले. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाची उत्तम छायाचित्रे आणि वर्णपट त्यांना मिळाले.

जेऊरला ते प्रकाश वाकतो की नाही हे पाहावयास आलेले नव्हते, हे स्पष्ट केले पाहिजे. तो प्रश्न तेव्हा ग्रहणमोहिमांपुढे नव्हताच. अल्बर्ट आइन्स्टाइन त्या वेळी १८ वर्षांचे विद्यार्थी होते. पण ग्रहणाची मोहीम म्हणजे काय, दोन मिनिटांसाठी महिनोन् महिने तयारी कशी करावी, घड्याळाच्या ठोक्याबरोबर प्रत्येकाने आपापले काम कसे करावे, याचा पहिला धडा कॅम्बेल यांनी आपल्या या काळ्या मातीवर गिरविला, एवढे निश्चित. त्यानंतर १९०० मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया, १९०५ मध्ये स्पेन, १९०८ मध्ये प्रशांत महासागरातले फ्लिंट बेट अशी त्यांची ग्रहणयात्रा चालू राहिली. एलिझाबेथबाई अशा प्रवासांत नुसत्या सोबतीला नसत. तळावरच्या माणसांची सारी व्यवस्था त्या पाहत.

मूळ प्रश्न काय होता, तो आता थोडक्यात सांगते. १९११ मध्ये आइन्स्टाइन यांनी असे मांडले की, दूरच्या ताऱ्याकडून येणारा प्रकाश सूर्याच्या अगदी जवळून जाताना सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे किंचित वाकेल. प्रकाश वाकला, की तो तारा आपल्याला मूळ जागेवरून सूर्यापासून थोडा बाहेर सरकलेला दिसेल. तेव्हा त्यांनी काढलेला आकडा पाऊण विकलेपेक्षा थोडा अधिक होता. १९१५ मध्ये व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत पुरा झाल्यावर तोच आकडा दुप्पट, म्हणजे सुमारे १.७५ विकला झाला. हा आकडा सूर्याच्या कडेला चिकटून जाणाऱ्या किरणासाठी. जसजसे दूर जावे तसतसा तो कमी होतो.

पण सूर्याजवळचे तारे दिसणार कसे? दिवसा सूर्यासमोर तारा दिसत नाही आणि रात्री सूर्य नसतो. खग्रास ग्रहणाची ती दोन-पाच मिनिटे एवढीच काय ती संधी. त्या वेळी सूर्याभोवतीच्या ताऱ्यांचे छायाचित्र काचेच्या ताटलीवर घ्यायचे. काही महिने आधी किंवा नंतर तेच तारे रात्रीच्या आकाशात असताना त्याच कॅमेऱ्याने दुसरे छायाचित्र घ्यायचे. मग दोन्ही ताटल्या सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहायच्या आणि कोणता तारा किती सरकला ते मोजायचे. सांगायला सोपे, परंतु ताटलीवर हे सरकणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावे लागते. कॅमेऱ्याचे लोखंड उन्हाने तापले, भिंग किंचित हलले, ताटली जराशी कलली, तरी तेवढी चूक सहज होते. निसर्गाचे सरकणे कोणते आणि आपल्या यंत्राचे कोणते, हे ओळखणे म्हणजेच खरे काम.

कॅम्बेल यांचा पहिला प्रयत्न २१ ऑगस्ट १९१४ चा. रशियात कीव्ह शहराजवळ ब्रोवारी येथे त्यांनी तळ दिला. ग्रहणाला तीन आठवडे उरले असताना जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. तरीही रशियन शास्त्रज्ञांनी पाहुण्यांना सांभाळून घेतले. पण ऐन वेळी आकाश ढगांनी भरून गेले आणि एकही तारा दिसला नाही. परतताना उपकरणे बरोबर नेता येईनात. ती रशियातच ठेवून यावे लागले. हजारो मैलांवरून आलेला माणूस रिकाम्या हाताने आणि हत्यारांवाचून घरी परतला. यातला दैवाचा खेळ पाहा. त्या दिवशी आकाश स्वच्छ असते, तर आइन्स्टाइन यांचा तेव्हाचा, म्हणजे निम्मा आकडा चूक ठरला असता. ढगांनी कॅम्बेल यांना निराश केले आणि आइन्स्टाइन यांना वाचविले.

दुसरा प्रयत्न ८ जून १९१८ चा, अमेरिकेतीलच गोल्डनडेल येथे. रशियातली उपकरणे अजून परतली नव्हती, म्हणून दुसरीकडून भिंगे उसनी आणून कॅमेरे जुळविले. युद्ध चालूच होते. त्यांचा मुलगा डग्लस फ्रान्सच्या आघाडीवर वैमानिक होता आणि त्याच जूनच्या पहिल्या आठवड्यात तो हवाई लढाईत जखमी झाला. गोल्डनडेलला दिवसभर ढग होते. पण नेमक्या वेळी आभाळात एक खिडकी उघडल्यासारखी झाली आणि छायाचित्रे मिळाली. मात्र उसन्या भिंगांनी ताऱ्यांच्या प्रतिमा हव्या तितक्या रेखीव उमटल्या नाहीत. कॅम्बेल यांचे सहकारी हेबर कर्टिस यांनी त्या मोजल्या. आइन्स्टाइन यांनी सांगितलेले सरकणे त्यांना आढळले नाही.

जुलै १९१९ मध्ये कॅम्बेल लंडनला गेले असता रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी हा निष्कर्ष सांगितला. बोलून तर गेले, पण मनाला स्वस्थता नव्हती. ताटल्यांतली संभाव्य चूक ही मोजायच्या गोष्टीइतकीच मोठी असू शकेल, असे त्यांना वाटू लागले. म्हणून हा मजकूर छापू नये, असे त्यांनी मागाहून कळविले. कॅम्बेल काही आइन्स्टाइन यांच्या बाजूचे नव्हते. त्या सिद्धांताबद्दल त्यांना आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना शंकाच वाटत होती. म्हणजे हाती आलेला निष्कर्ष त्यांच्या मनासारखा होता, आणि तरीही त्यांनी तो मागे घेतला.

पुढे चारच महिन्यांत, ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमध्येच डायसन आणि एडिंग्टन यांच्या मोहिमांचे निष्कर्ष जाहीर झाले. २९ मे १९१९ च्या ग्रहणात एक तुकडी ब्राझीलमधील सोब्राल येथे आणि दुसरी आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेली होती. सोब्रालच्या एका दुर्बिणीने १.९८ विकला आणि प्रिन्सिपेच्या दुर्बिणीने १.६१ विकला असे आकडे दिले. आइन्स्टाइन एका रात्रीत जगप्रसिद्ध झाले. सोब्रालला आणखी एक दुर्बीण होती. तिच्या ताटल्यांवरून याच्या जवळजवळ निम्माच आकडा येत होता. उन्हाने आरसा तापून प्रतिमा पसरट झाल्या, म्हणून त्या ताटल्यांना महत्त्व देऊ नये, असे संशोधकांनी ठरविले. पण हा निम्मा आकडा आणि तो बाजूला ठेवण्याचे कारण, दोन्ही त्यांनी आपल्या अहवालात लिहिले आणि ताटल्या जपून ठेवल्या. साठ वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच ताटल्या नव्या यंत्राने पुन्हा मोजल्या गेल्या, तेव्हा १.५५ विकला असा आकडा निघाला. म्हणजे त्यांचाही कौल आइन्स्टाइन यांच्याच बाजूचा होता.

हे वाचताना मी थबकले. त्यांनीही मोजमाप बाजूला ठेवले, कॅम्बेल यांनीही मागे घेतले, आणि मीही तीन विहिरी गाळल्या. मग फरक तो काय? फरक एवढाच की, त्यांना आपल्या यंत्राबद्दल शंका होती. मला माझ्या दोरीबद्दल कसलीच शंका नव्हती. त्यांनी जे वगळले ते का वगळले हे उघड लिहिले, मी लपविले. आणि कॅम्बेल यांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट होती. मागे घेतल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. पुन्हा, आणि आधीपेक्षा चांगल्या रीतीने, मोजावयास गेले.

तो तिसरा प्रयत्न २१ सप्टेंबर १९२२ चा. आपल्या पंचांगाप्रमाणे ती सर्वपित्री अमावास्या. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर वॉलल नावाचे एक निर्जन ठिकाण. तिथे खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक टिकणार होती. बंदर नाही, रस्ता नाही. आगबोटीने ब्रूमपर्यंत, तेथून शिडाच्या जहाजाने वॉललला, आणि उथळ समुद्रातून पेट्या काठावर उतरवायच्या. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने मनुष्यबळ दिले. तिथल्या मूळ रहिवाशांनीही सामान उतरविण्यास हातभार लावला. उष्मा, धूळ आणि माश्या यांचा त्रास अपार होता. साठ वर्षांचे कॅम्बेल आणि एलिझाबेथबाई जेऊरप्रमाणेच येथेही बरोबर होते. भारतातून कोडाईकनाल वेधशाळेचे एव्हरशेडही वॉललला आले होते; परंतु त्यांच्या उपकरणांनी साथ दिली नाही.

या वेळी कॅम्बेल यांनी उसनवारी केली नव्हती. या एका कामासाठीच नवे कॅमेरे बनविले होते. १५ फुटी दोन आणि ५ फुटी दोन. त्यांचे तरुण सहकारी रॉबर्ट ट्रम्पलर हे कित्येक महिने आधीच ताहिती बेटावर जाऊन, त्याच कॅमेऱ्यांनी त्याच ताऱ्यांची रात्रीची छायाचित्रे घेऊन आले होते. शिवाय सूर्यापासून दूरच्या दुसऱ्या एका आकाशखंडाचीही छायाचित्रे घेतली गेली. तिथल्या ताऱ्यांनी सरकण्याचे कारण नव्हते. ते सरकलेले दिसलेच तर दोष कॅमेऱ्याचा, हे ताबडतोब कळावे म्हणून. गोल्डनडेलला जे जे चुकले होते, त्या प्रत्येकाची दुरुस्ती त्यांनी योजलेली होती. आकाश स्वच्छ राहिले.

ताटल्या लिक वेधशाळेत आल्यावर कित्येक महिने मोजणी चालली. सोब्रालच्या उत्तम ताटल्यांवर सातच तारे होते. येथे एकेका ताटलीवर साठाहून अधिक ताऱ्यांची मोजणी झाली. एप्रिल १९२३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला : १.७२ विकला, चुकीची मर्यादा ०.११. पुढे लहान कॅमेऱ्यांच्या ताटल्याही मोजून १९२८ मध्ये दोहोंची सरासरी दिली, ती १.७५. ज्या सिद्धांताबद्दल कॅम्बेल यांना शंका होती, त्याचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांनीच जगापुढे ठेवला, आणि आइन्स्टाइन यांना त्यांनी स्वतः तारेने तसे कळविले. आता हे मोजमाप आपण केले आहे, आणखी एका ग्रहणात ते पुन्हा करण्याची गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती. शंका होती तोवर त्यांनी ती बाळगली. शंका फिटल्यावर ती धरून बसले नाहीत. विद्वानांच्या जगात यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मिळ आहे, असे म्हटले तर आमचे प्राध्यापक रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

त्यानंतरचे आयुष्य सन्मानाचे गेले. १९२३ ते १९३० ते कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. १९३१ ते १९३५ अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. पण अखेर फार दुःखाची झाली. एका डोळ्याची दृष्टी गेली. बोलताना शब्द सापडेनासे होऊ लागले. ज्याचे सारे आयुष्य पाहण्यात आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत सांगण्यात गेले, त्याच्याकडून या दोन्ही गोष्टी हिरावल्या जात होत्या. १४ जून १९३८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. चरित्रलेखात असे सांगावे की न सांगावे, याचा मी पुष्कळ विचार केला. पण ज्या माणसाने आपल्याला न आवडणारा आकडाही झाकून ठेवला नाही, त्याच्या चरित्रातली न आवडणारी गोष्ट आपण झाकावी, हे मला योग्य वाटले नाही.

आपला जिल्हा आकड्यांवर जगणारा आहे. पाऊस किती मिलिमीटर झाला, पैसेवारी किती आली, विहिरीला पाणी किती फुटांवर आहे, यावर टँकर येणार की नाही, चारा मिळणार की नाही, घर गावात राहणार की उसाच्या फडावर जाणार, हे ठरते. त्या आकड्यांमागे कुणीतरी दोरी सोडलेली असते आणि कुणीतरी वहीत लिहिलेले असते. वॉललची पावणेदोन विकला आणि आपल्या विहिरीची दोन वीत, दोन्हीकडे मोजणाऱ्याचे मन सारखेच कसाला लागते.

माझी कच्ची वही सुदैवाने मी टाकली नव्हती. यंदा तिच्यावरून मी तक्ता पुन्हा लिहून आमच्या सरांच्या हाती दिला. त्यात सातही विहिरी आहेत. चार वाढलेल्या, तीन घटलेल्या. सरांनी तो एकदा वाचला, आणि त्या तीन विहिरी का घटल्या असाव्यात हाच यंदाच्या शिबिराचा विषय करू या, असे सुचविले. जाताना मी मोजणीची दोरीही बदलून घेतली आहे. जुनी सुती होती. ती ओली झाली की आखडते, हे आम्ही मागच्या वेळी लक्षातच घेतले नव्हते.